न केलेल्या भाषणावरची शिकवणी

माझ्या सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमाची बातमी आमच्याच दैनिकाच्या चौथ्या पानावर छापून आली. तीन कॉलम, छायाचित्रासह. सत्काराला उत्तर देताना मी वीस मिनिटे बोललो, ग्रामीण पत्रकारितेच्या स्थितीवर परखड भाष्य केले आणि उपस्थितांना अंतर्मुख केले, असे बातमीत म्हटले होते. यातले काहीही घडले नव्हते. बातमी मीच लिहिली होती. कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता, पान पाचला जायचे होते आणि मंचावर कोण कोण बसणार याची यादी कार्यालयात माझ्याशिवाय कोणाजवळ नव्हती. म्हणून दुपारी चारलाच बातमी लिहून दिली. भाषण नंतर करायचे होते.

प्रत्यक्षात मी माईकसमोर उभा राहिलो, ‘सन्माननीय व्यासपीठ’ एवढे म्हणालो, पाणी प्यायलो, पुन्हा ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणालो, हात जोडले आणि खाली बसलो. टाळ्या भरपूर पडल्या. कमी बोलणाऱ्याला आमच्या जिल्ह्यात नेहमीच जास्त टाळ्या पडतात.

दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचे फोन आले. त्यांत कार्यक्रमाला हजर असलेले तिघे होते. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, “काल मागं बसल्तो, नीट ऐकू आलं न्हाई. आज पेपरात वाचलं. काय बोललात हो!”

मी त्यांचे आभार मानले. खुलासा छापण्याची आमच्या दैनिकाची पद्धत होती, पण ती इतरांच्या बाबतीत.

महिनाभरात दोन-तीन पालक मुलांना घेऊन आले. त्यांना भाषण शिकवा म्हणाले. निवृत्त माणसाला कोणी काही विचारले की तो नाही म्हणत नाही. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर एका बँकेच्या वर खोली मिळाली. तिथे मी ‘संभाषण व सभाधीटपणा वर्ग’ अशी पाटी लावली आणि ते कात्रण फ्रेम करून भिंतीवर टांगले.

पत्नी म्हणाली, “अहो, भाजी कशी झालीय विचारलं तर तुम्ही पाणी पिऊन झाल्यावर ‘बरी’ म्हणता. तुम्ही लोकांना काय बोलायला शिकवणार?”

मी काही बोललो नाही. तिचा मुद्दा आपोआप सिद्ध झाला.

माझ्या बाजूने एक गोष्ट होती. मी तीस वर्षे भाषणे ऐकली होती. उद्घाटने, मेळावे, शोकसभा, हळदीकुंकू, स्मशानभूमीतल्या श्रद्धांजल्या. पुढच्या रांगेत बसून, वही मांडीवर घेऊन. कुठला वक्ता कुठे घसरणार हे मला दोन वाक्ये आधी कळायचे. यावरून मी असा निष्कर्ष काढला की, मला बोलणे कळते. ही चूक फक्त वार्ताहरच करू शकतो.

भाषणाची बातमी कशी करतात ते सांगायला हवे. वक्ता तासभर बोलतो. त्यातला मुख्य मुद्दा बातमीच्या पहिल्या वाक्यात ठेवायचा, त्याहून कमी महत्त्वाचे त्याखाली, असे उतरत जायचे. ऐनवेळी जाहिरात आली की पान लावणारा बातमी खालून कापतो, आणि वरचे शाबूत राहते. सगळ्यात खाली असतात हजर असलेल्यांची नावे. ‘यावेळी अमुक, तमुक आदी उपस्थित होते.’ या ओळीवर मी तीस वर्षे कात्री चालवली. त्या ‘आदी’ शब्दात मी जिल्ह्यातली किती माणसे कोंबली याची गणती नाही. आष्टीचे एक गृहस्थ तर कार्यालयात येऊन शांतपणे विचारायचे, “साहेब, कालच्या कार्यक्रमाला मी आदीत होतो का?”

हेच नियम मी वर्गात शिकवू लागलो. मुद्दा पहिल्या वाक्यात सांगा. व्यासपीठावरच्यांची नावे घेण्यात वेळ घालवू नका. भाषा शुद्ध ठेवा. तीन नियम फळ्यावर कायम लिहिलेले असत. ते मी कधी माईकसमोर तपासून पाहिले नव्हते.

पहिला फटका सलीमला बसला. सलीम एका बियाणे कंपनीचा फिरता माणूस. गावोगाव शेतकऱ्यांना जमवून वाणाची माहिती द्यायची, हे त्याचे काम. घरी उर्दू, कामावर मराठी, आणि माईकवर दोन्ही गायब, अशी त्याची अडचण होती. माझ्याकडे सहा आठवडे शिकून तो कुंभार पिंपळगावला मेळाव्याला गेला. परत आल्यावर दारातच उभा राहिला.

“सर, तुम्ही सांगितलं बराबर तसंच केलं. पयल्याच वाक्यात मुद्दा सांगून टाकला.”

“मग?”

“तवा लोकं चहा घेत होते. निम्मे खुर्च्या लावून राह्यले होते. माईकवाला हॅलो हॅलो करीत होता. मुद्दा कुणाच्या कानावरच गेला न्हाई. आन् मंग माझ्याजवळ सांगायला काई उरलंच न्हाई. सव्वा मिनिटात सभा खतम. मॅनेजरसाहेब तासाभराचा मंडप टाकून बसल्ते.”

“मुद्दा पुन्हा सांगायचा.”

“फळ्यावर तसं लिव्हलेलं न्हाई, सर.”

सलीम भला माणूस. त्याने शिकवणी सोडली नाही. उलट दुसऱ्याच महिन्यात त्याने चंद्रकलाबाईंना माझ्याकडे आणले. माझ्या नियमांनी खरे नुकसान कुठे केले ते इथून सुरू होते.

चंद्रकलाबाई परतूर तालुक्यातल्या, आष्टीच्या अलीकडच्या एका गावच्या सरपंच. वय चाळिशीचे. सोबत पती भगवानराव होते. ते आल्यापासून जाईपर्यंत एकदाच बोलले, “गाडी सावलीत लावतो.” बाकी सगळे चंद्रकलाबाई बोलल्या.

“सर, मी घरात बोलते तं शेजारी खिडक्या लावून घेतेत. सभेत उभी राह्यले की जीभ टाळूला चिकटती. तुमचं भाषण पेपरात वाचलं. म्हणलं, ह्यांच्याकडंच जायचं.” त्यांनी भिंतीवरच्या कात्रणाकडे बोट दाखवले.

खुलासा करायला ही वेळ उत्तम होती. मी त्यांना चहा विचारला.

त्यांचे काम असे होते. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढच्या शिक्षणाला आष्टी. एसटी गावात येत नाही, तीन किलोमीटरवरच्या फाट्यावर थांबते. गावातल्या अकरा मुली फाट्यापर्यंत चालत जाऊन शिकत होत्या. त्यांतल्या दोघींची शाळा मागच्या वर्षी सुटली. वाटेत ऊस लागतो, थंडीच्या दिवसांत परतताना अंधारून येते, घरचे नको म्हणतात. डेपोवाल्यांचे म्हणणे होते की, गाडी गावात आणू, पण रस्ता कुठे आहे? रस्ता होता, मात्र दोन्ही बाजूंच्या घरांचे ओटे वर्षागणिक पुढे सरकत आले होते. बैलगाडी जाई, बस जात नसे. शाळा उघडायच्या आत रस्ता मोकळा दिसला तर गाडी, नाहीतर ती दुसऱ्या गावाला. ओटे मागे घ्यायचा ठराव ग्रामसभेत करायचा होता, आणि मांडायचा होता चंद्रकलाबाईंनी.

“ओटे किती?”

“अडतीस. त्यातला एक माझा. सगळ्यात मोठा अण्णांचा, आमचे चुलत सासरे. बस वळवायची तं त्यांच्याच दारापुढं वळवावी लागती.”

मी त्यांना तीन नियम दिले आणि एक छापील म्हणावे असे भाषण लिहून दिले. ‘ग्रामस्थहो, रस्त्यावरील अतिक्रमणे तत्काळ हटविणे ही काळाची गरज आहे.’ पहिलेच वाक्य, मुद्दा सरळ. त्यांनी विचारले, “आधी नावं घेयची न्हाईत? अण्णांचं तरी?”

“नाही. त्यात जोर जातो.”

“आमच्याकडं घेतेत, सर.”

“म्हणूनच तुमच्याकडच्या सभा लांबतात,” मी म्हणालो. माझ्या आवाजात आत्मविश्वास होता. खोलीत तीन माणसे असली की तो असतो.

ग्रामसभा मे महिन्यात, सकाळी नऊला, शाळेच्या पटांगणात होती. मी सलीमच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. विद्यार्थिनीचा पराक्रम पाहायचा होता. अण्णा पुढच्या खुर्चीवर, फेटा बांधून, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

चंद्रकलाबाई उठल्या आणि शब्द न चुकता म्हणाल्या, “ग्रामस्थहो, रस्त्यावरील अतिक्रमणे तत्काळ हटविणे ही काळाची गरज आहे.”

मग अण्णा उठले.

“अतिक्रमण कुणाचं? आं? सभेत मोठी माणसं बसलेत. नाव न्हाई, गाव न्हाई, नमस्कार न्हाई. तहसीलदार आल्ता का नोटीस घेऊन? का चंद्रकला बोलून राह्यली?”

“अण्णा, बसा ना...”

“ज्या सभेत आपलं नाव न्हाई तिथं आपलं काम न्हाई.” ते चालू लागले. त्यांच्यामागे त्यांची भावकी उठली, आणि तिच्यामागे ज्यांना ओटे पाडायचे नव्हते ते सगळे. त्यांना निघायला कारण हवे होते आणि ते मी लिहून दिले होते. पाच मिनिटांत ठरावाला लागणारी किमान हजेरी उरली नाही. ग्रामसेवकांनी नोंद केली, ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब.’ तीन शब्दांत मुद्दा. माझ्या नियमात बसणारे त्या दिवशीचे तेवढेच वाक्य होते.

पटांगण रिकामे झाल्यावर ग्रामसेवक खालच्या आवाजात म्हणाले, “ताई, तहकूब सभेला हजेरीची अट नसते. पुढच्या रविवारी पाच जण बोलवा, ठराव करून टाका.”

“पाच हातांनी अडतीस ओटे तुटतेत का?” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “ठराव फायलीत जाईल आन् ओटे तिथंच राहतील. सगळे पायजेत.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “सर, एक विचारू? तुमी स्वतः किती सभेत बोलला?”

सलीम मोटारसायकलचे चाक तपासू लागला.

मी सांगितले. एकाही नाही. कात्रणातले भाषण मी दुपारी चारला लिहिले होते आणि संध्याकाळी केले नव्हते.

भगवानराव दुसऱ्यांदा बोलले. “म्हणजे नुस्तं छापलं?”

“हो.”

“मंग तुमी शिकवता काय?” चंद्रकलाबाईंनी विचारले.

“मी ऐकत आलोय. तीस वर्षे.”

“माझं तं काई ऐकलं न्हाई तुमी. आमच्याकडं नावं घेतेत म्हणले तवा.” त्यांनी पदर खोचला. “लिव्हता येतं ना? मंग चला.”

ग्रामपंचायतीतून मोजपट्टी आली. फाट्याकडच्या टोकापासून आम्ही निघालो. पट्टीचे एक टोक भगवानरावांनी धरले, दुसरे सलीमने. मी वहीत लिहीत होतो. मला येत असलेले एकमेव काम मला परत मिळाले होते. प्रत्येक दारात चंद्रकलाबाई थांबत, बोलत, ओटा मोजून घेत. आधी शिव्या मिळत, मग पाणी. शेवटी घरचे आत येऊन बसायला सांगत.

“नाव?” मी दुसऱ्या घरात विचारले.

“रामकिसनच्या घरचे,” आतून बाई म्हणाली.

मी लिहू लागलो. चंद्रकलाबाईंनी वहीवर हात ठेवला. “रामकिसन शेतात गेला. ओट्यावर कोण बसतं? तू बसती. तुझं सांग.”

“माझं कशाला?”

“सांग तं.”

“गयाबाई.” आणि ती हसली. गावात तिचे नाव मोठ्याने कोणी घेऊन बराच काळ झाला असावा.

आठवडाभर हे चालले. मी रोज जालन्याहून येत-जात होतो. पत्नी म्हणाली, “पेन्शनीत आलात आणि आता रोजंदारीवर जाता.” अडतीस ओटे, अडतीस नावे, कोणाचा किती मागे घ्यायचा त्याचे माप. फक्त अण्णांनी पट्टी लावू दिली नाही. “माझं माप मला ठाऊक हाये,” म्हणाले. मी वहीत लिहिले, ‘माप दिले नाही.’

रविवारी पटांगणात माणसे आली. निम्म्याहून जास्त बाया होत्या. अण्णाही आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. फाटकाजवळ उभे राहिले. निघायला सोपे पडावे अशी जागा त्यांनी निवडली होती.

चंद्रकलाबाईंनी माईक बाजूला सारला. वही मागितली नाही. ती त्यांना लागणार नव्हती हे मला तेव्हा कळले.

“पयला ओटा माझा,” त्या म्हणाल्या. “दीड हात पुढं आलाय. लेकीच्या लग्नात मांडवाला जागा पुरेना म्हणून आमीच वाढवला. आता लेक नांदायला गेली, ओटा रस्त्यात राह्यला. उद्या सकाळी सातला पयली पहार त्याच्यावर. भगवानराव मारतेन. हो ना?”

भगवानरावांनी मान हलवली.

“आता फाट्याकडून येऊ. शेख मेहबूबभाई. मेहबूबभाई, तुमच्या ओट्यावर अख्ख्या गावाच्या चपला शिवल्या जातेत. तुमाला मागं सरकायला सांगायचं मला जिवावर येतं. अर्धा हात, बस. पुढच्या घरी गयाबाई. गया, तुझ्या ओट्यावर पाऊण गावाची शेवई वळली जाती. एक हात.”

अशी ती सभा चालली. रस्त्याच्या क्रमाने, घर सोडून घर नाही. प्रत्येक ओट्याचा मालक, त्यावर बसणारी बाई, तिथे घडलेली एखादी गोष्ट आणि माप. कोणी म्हणाले, “माझा अर्धाच हात हाये, पाऊण न्हाई.” “मंग अर्धा. सर, लिव्हा.” कोणी म्हणाले, “ह्याचा का सोडला?” “सोडला न्हाई, पुढं येतोय.” हसणे झाले, एक भांडण झाले, ते तिथेच मिटले. मी डोकी मोजत होतो. उठून कोणी जात नव्हते.

का जात नव्हते ते माझ्या आधी सलीमच्या लक्षात आले. तो माझ्या कानाशी म्हणाला, “सर, ज्याचं नाव यायचंय तो जाईल कसा?”

त्यांनी कोणते भाषण केले, मुद्दा काय होता, पहिले वाक्य कोणते, हे मी बातमीत लिहू शकलो नसतो. मी ज्या ओळी कापत आलो त्यांचीच ती सभा होती.

बस वळणार होती ते दार रस्त्याच्या शेवटी. साहजिकच अण्णांचे नाव अडतिसावे. ते फाटकापासून हलत हलत मधल्या रांगेपर्यंत आले होते. छत्तिसावे नाव झाले, सदतिसावे झाले.

“आता अण्णा,” चंद्रकलाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. “मी ह्या घरात लगीन होऊन आले तवा सही करता येत नव्हती. अण्णांच्या ओट्यावर बसून शिकले. पाटी अण्णांची, पेन्सिल अण्णांची. आज माझी सही गावाच्या कागदावर चालती. मागच्या सभेला तुमचं नाव घेतलं न्हाई, ते चुकलं. माप मी सांगणार न्हाई. तुमी सांगा.”

अण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“बसला वळायला किती लागतं?” त्यांनी विचारले.

“ड्रायव्हर म्हणला, तीन हात.”

“तीन हात गेल्यावर मी बसू कुठं? दारात?”

“दारात बसा. बस तिथंच थांबंल. कंडक्टरला विचारून घ्या, कोण आलं, कोण गेलं.”

पटांगण हसले. अण्णा हसले नाहीत. “कंडक्टरनं थांब्याचं नाव काय म्हणायचं?”

“तुमी म्हणसान ते.”

“अण्णाचा ओटा म्हणायचं,” ते म्हणाले. “ओटा राहो न राहो.” आणि हात वर केला. त्यानंतर हात मोजायला ग्रामसेवकांना दोनदा सुरुवात करावी लागली.

शाळा उघडली त्या दिवशी मी गावात होतो. बस सकाळी पावणेसातला आली, ‘अण्णाचा ओटा’ होता त्या जागेवर दोन दणक्यांत वळली. बाया दारात उभ्या होत्या. चंद्रकलाबाई बसच्या पायरीवर उभ्या राहून मुली मोजत होत्या. दहा झाल्या. शाळा सुटलेल्या दोघींपैकी एकच आली होती.

“थांबा,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या आणि मागच्या गल्लीत गेल्या. सात मिनिटे लागली. ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला. त्या एकट्याच परत आल्या.

“काय झालं?” मी विचारले.

“तिची माय म्हणती, सभेत अडतीस घरं झाली, आमच्या घराचं नाव कुठं आलं? ओटे तुमचे, बस तुमची.” त्यांनी मागे वळून गल्लीकडे पाहिले. “खरंय तिचं. ते घर गल्लीत हाये. त्याला ओटाच न्हाई.”

यादी मी केली होती. आठ दिवस त्या रस्त्याने फिरलो. शाळा सुटलेल्या मुली दोन, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्यांची नावे मी विचारली नव्हती.

“जाऊ द्या गाडी,” चंद्रकलाबाई कंडक्टरला म्हणाल्या. “उद्या परत सात मिनिटं लागतील. तयारीनं या.”

दुसऱ्या दिवशी बस सात मिनिटे थांबली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सकाळी मला सलीमचा फोन आला. तो बियाण्याच्या कामाला त्या बाजूला गेला होता. म्हणाला, “सर, अकरा झाल्या.”

मी वही काढली आणि मुलीचे नाव विचारले. अंजली. मी म्हणालो, पूर्ण सांग. त्याने तिलाच फोन दिला आणि तिने सांगितले, आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे. पाठीमागे हॉर्न वाजत होता. तिने घाई केली नाही.